मेंदूची शिदोरी आणि आशेचा बाजार

म्हातारपणी माणूस विसराळू होतो, हे आपल्या समाजाने इतके गृहीत धरले आहे की त्यासाठी ‘म्हातारचळ’ हा तयार शब्द आपल्यापाशी आहे आणि तो एकदा उच्चारला की पुढे काही विचारण्याची आवश्यकता कुणाला वाटत नाही. जेवून अर्धा तास झाला नाही तोच आजोबा पुन्हा ताट मागतात. आजी सुनेला आपल्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारतात. ज्या गावात आयुष्यभर मुले शिकवली, त्याच गावात निवृत्त गुरुजींना बाजारातून घरी परतण्याची वाट सापडत नाही. या सर्वांची वासलात आपण एका शब्दात लावतो. वस्तुतः ही वयाची खोड नाही, हा मेंदूचा आजार आहे. वैद्यकशास्त्र त्याला ‘डिमेन्शिया’ म्हणते, आपण स्मृतिभ्रंश म्हणतो. त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. शहरांपेक्षा ग्रामीण भागात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक आहे.

ही आकडेवारी वाचताना रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे दोन तालुके डोळ्यांसमोर येतात. मुंबई फार दूर नाही, हे या भागाचे भाग्यही आहे आणि दुखणेही. रोहा-दिवा गाडीने तरुण पनवेल-ठाण्याकडे कामाला जातात आणि कालांतराने पुष्कळजण तिकडेच स्थिरावतात. मागे घर, खारेपाटातली भातशेती किंवा चार माडांची वाडी राहते, आणि तिच्या राखणीला म्हातारी माणसे. त्यांच्यापैकी कुणाला विसर पडू लागला की ते पहिल्यांदा लक्षात येते शेजाऱ्याच्या. शहरातल्या मुलाला कळते ते सणावारी गावी आल्यावर. मग अपराधीपणाने कासावीस झालेला तो मुलगा मोबाइलवर उपाय शोधू लागतो आणि त्याच्या हाती हमखास एक संदेश पडतो. ‘मेंदूला साखर नको, कीटोन द्या. रोज खोबरेल तेल प्या आणि अल्झायमर पळवा. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी उपवास सांगितले.’

संदेशात तीन गोष्टी एकत्र मळल्या आहेत. एक खरे विज्ञान आहे, दुसरी अर्धवट आशा आहे आणि तिसरा परंपरेचा अभिमान आहे. ज्यांना परंपरेविषयी मनापासून आस्था आहे, त्यांनीच या तिन्ही गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. कारण येथे प्रश्न निव्वळ वादाचा नाही. घरातल्या वृद्धाच्या ताटात उद्या काय वाढायचे, याचा आहे.

एक अवयव, दोन इंधने

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के. परंतु माणूस स्वस्थ बसलेला असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा हा एकटा अवयव खर्च करतो. त्याचे नित्याचे इंधन ग्लुकोज. प्रौढ माणसाच्या मेंदूला दिवसाकाठी शंभर ग्रॅमहून थोडे अधिक ग्लुकोज लागते. स्नायूंना किंवा हृदयाला चरबीतून आलेली मेदाम्ले थेट जाळता येतात. मेंदूला मात्र ती इंधन म्हणून फारशी वापरता येत नाहीत.

मग अन्न मिळालेच नाही तर? यकृतातील साखरेचा साठा साधारणतः एका दिवसात सरतो. त्यानंतर मेंदूसाठी ग्लुकोज बनवायचे तर शरीराला आपल्याच स्नायूंतील प्रथिने मोडावी लागतील आणि तसे अखंड चालू राहिले तर माणूस दोन-तीन आठवड्यांतच खचेल. प्रत्यक्षात माणूस त्याहून बराच अधिक काळ तग धरतो. असे का, याचे उत्तर १९६७ मध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. वजन उतरवण्यासाठी वैद्यकीय देखरेखीखाली पाच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्या तीन स्थूल रुग्णांच्या मेंदूकडे जाणारे आणि मेंदूतून परतणारे रक्त त्यांनी तपासले. मेंदूच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा ग्लुकोजमधून येतच नव्हता, तो कीटोन द्रव्यांमधून येत होता.

ही कीटोन द्रव्ये यकृतात, चरबीपासून तयार होतात. बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि असिटोअसिटेट ही त्यांतील दोन महत्त्वाची आणि तिसरे म्हणजे श्वासावाटे निघून जाणारे ॲसिटोन. गंमत अशी की यकृत ती बनवते, पण स्वतः वापरू शकत नाही. ती रक्तातून मेंदूपर्यंत जातात आणि तेथील पेशींच्या ऊर्जागृहांत जळतात. लांबच्या प्रवासाला निघालेल्याने शिदोरी बांधून घ्यावी, तशी निसर्गाने उपासमारीच्या दिवसांसाठी मेंदूकरिता ही शिदोरी बांधून ठेवली आहे. तान्ह्या बाळाचा वाढता मेंदूसुद्धा या इंधनाचा वापर करतो.

या शिदोरीचा औषध म्हणून उपयोगही नवा नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी, म्हणजे आपण ज्याला फेफरे किंवा फिट येणे म्हणतो त्यासाठी, ‘कीटोजेनिक’ आहार सुचवला. त्यात पिष्टमय पदार्थ अत्यल्प आणि स्निग्ध पदार्थ भरपूर असतात. पुढे गोळ्या आल्या आणि हा आहार मागे पडला. परंतु गोळ्यांना दाद न देणाऱ्या मुलांसाठी तो पुन्हा पुढे आला. २००८ मध्ये लंडनमध्ये झालेल्या तुलनात्मक चाचणीत त्याचा उपयोग सिद्ध झाला. आपल्या महाराष्ट्रातही मुंबईचे बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. जनक नाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय जेवणाच्या चौकटीत हा आहार बसवून अपस्मारग्रस्त मुलांना दिला आणि २००९ मध्ये आपले अनुभव ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात मांडले. हा आहार म्हणजे घरगुती पथ्य नव्हे. प्रत्येक घास वजनकाट्यावर तोलला जातो, रक्ताच्या आणि लघवीच्या तपासण्या होतात, आहारतज्ज्ञ पाठीशी असावा लागतो. थोडक्यात, कीटोन ही थोतांडाची कथा नाही. मेंदूच्या एका आजारावर या मार्गाने गुण येतो, हे सिद्ध आहे. प्रश्न आहे तो दुसऱ्या आजाराचा.

आशा कोठवर, पुरावा कोठवर

अल्झायमरच्या रुग्णाचा मेंदू विशिष्ट यंत्राखाली पाहिला, तर स्मृती आणि दिशाज्ञान सांभाळणाऱ्या भागांत ग्लुकोजचा वापर घटलेला दिसतो. १९९६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात तर, ज्यांच्यात या आजाराचा आनुवंशिक धोका मोठा आहे परंतु स्मृती अद्याप शाबूत आहे, अशा व्यक्तींच्या मेंदूतही ही घट आढळली. कॅनडातील शेरब्रुक विद्यापीठाचे स्टीफन कुनान यांनी पुढचा प्रश्न विचारला. ग्लुकोज घेण्यात कमी पडणारा हा मेंदू कीटोन घेऊ शकतो का? उत्तर आले, होय. कीटोनचा वापर निरोगी वृद्धांइतकाच टिकून होता. दिवा मंद झाला आहे, पण दुसरे तेल घातले तर वात ते ओढते, असा त्याचा अर्थ. साऱ्या आशेचे मूळ या एका निष्कर्षात आहे आणि ते मूळ भक्कम आहे.

मी कलाशाखेचा पदवीधर. रसायनशास्त्रात निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. परंतु वृत्तपत्राच्या कचेरीत आयुष्य गेले की माणूस कोणत्याही दाव्याला तीन प्रश्न विचारायला शिकतो. किती जणांवर पाहिले, कशाशी तुलना केली आणि विकणारा कोण?

या तीन प्रश्नांच्या चाळणीतून पाहू. कुनान यांच्या गटाने विस्मरणाची सौम्य तक्रार असलेल्या, पण अद्याप स्मृतिभ्रंश न झालेल्या वृद्धांना रोज तीस ग्रॅम ‘मध्यम साखळी’ प्रकारच्या मेदाचे पेय सहा महिने दिले. दुसऱ्या गटाला तसेच दिसणारे साधे पेय दिले. ८३ जणांनी ही चाचणी पूर्ण केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उत्साहवर्धक होते. स्मरणाच्या आणि भाषेच्या काही कसोट्यांवर पहिला गट थोडा सरस ठरला. मात्र हे आजाराच्या उंबरठ्यावरचे लोक होते, उंबरठा ओलांडलेले नव्हेत. न्यूझीलंडमध्ये प्रत्यक्ष अल्झायमरच्या २६ रुग्णांवर बारा आठवड्यांच्या कीटोजेनिक आहाराची चाचणी झाली आणि तीही २०२१ मध्येच प्रसिद्ध झाली. रुग्णांचे दैनंदिन व्यवहार आणि जीवनमान सुधारले, परंतु बुद्धीच्या कसोटीवरील फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक ठरला नाही. कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांवर तेथेच झालेल्या २०१८ च्या अभ्यासात ३८ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. कीटोजेनिक आहार घेणारे आणि कमी स्निग्ध आहार घेणारे असे दोन्ही गट सुधारले. हालचालींशी निगडित नसलेल्या तक्रारींत पहिला गट पुढे होता.

आता विकणाऱ्याकडे वळू. अमेरिकेत २००९ पासून ‘ॲक्सोना’ नावाचे मध्यम साखळीच्या मेदाचे चूर्ण अल्झायमरच्या रुग्णांसाठी ‘वैद्यकीय अन्न’ म्हणून विकले जात होते. २०१३ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने त्याबद्दल उत्पादक कंपनीला ताकीद दिली. त्याच कंपनीने सुधारित मिश्रणाची सुमारे चारशे रुग्णांवर सहा महिने चाचणी घेतली. २०१७ मध्ये तिचा निकाल आला. साध्या पेयाच्या तुलनेत काहीही फरक पडला नव्हता. आमच्या मिश्रणातून रक्तात पुरेसे कीटोन उतरले नाहीत, असे कंपनीचे म्हणणे होते. ते खरेही असेल. परंतु रुग्णाच्या कुटुंबाने पैसे मोजले ते निकालासाठी, स्पष्टीकरणासाठी नव्हे.

खोबरेल तेलाची कथा याहून करुण आहे. फ्लोरिडातील नवजात शिशुतज्ज्ञ मेरी न्यूपोर्ट यांच्या पतीला ऐन उमेदीत अल्झायमर जडला. २००८ मध्ये त्यांनी पतीला खोबरेल तेल देण्यास प्रारंभ केला. काही दिवसांत त्याने कागदावर काढलेले घड्याळाचे चित्र अधिक सुसंगत झाले आणि ती चित्रे जगभर गाजली. पुढे २०१६ मध्ये त्या पतीचे निधन झाले. एका पत्नीच्या निष्ठेला वंदन करावे, परंतु एका माणसाचे चित्र हा पुरावा होत नाही.

शिवाय गणितही पाहू. कीटोन प्रामुख्याने बनतात ते आठ आणि दहा कार्बनच्या मेदाम्लांपासून. खोबरेल तेलात ही दोन्ही मिळून जेमतेम पंधरा टक्क्यांच्या आत भरतात. जवळपास निम्मे तेल बारा कार्बनच्या लॉरिक आम्लाचे असते आणि त्यापासून कीटोन फार थोडे होतात. कॅनडातील चाचणीतले तीस ग्रॅम खोबरेलातून मिळवायचे, तर दिवसाला दोनशे ग्रॅमहून अधिक तेल प्यावे लागेल. त्यातच सुमारे १९०० उष्मांक आले. म्हणजे वृद्धाचे दिवसभराचे सारे जेवण बाजूला ठेवून वाटीवाटीने तेल प्यायचे! कोकणच्या आमटीतले, बिरड्यातले खोबरे हे अन्न आहे, आनंदाने खावे. त्याची बाटली भरून औषध म्हणून विकणाऱ्यापासून सावध राहावे.

पेणकरांना विश्वासाची किंमत वेगळी सांगायला नको. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि हजारो ठेवीदारांना कळून चुकले की फलकावरचा विश्वास वेगळा आणि हिशेबतपासणीत टिकणारा विश्वास वेगळा. औषधाची हिशेबतपासणी म्हणजे तुलनात्मक चाचणी. तिच्यात मेंदूचे हे दुसरे इंधन अजून उत्तीर्ण झालेले नाही, अनुत्तीर्णही झालेले नाही. शिवाय एक मूलभूत पेच शिल्लकच आहे. इंधन तुटले म्हणून पेशी मरतात, की पेशी मरू लागल्या म्हणून इंधनाची मागणी घटते? दोन्ही थोडेथोडे खरे असण्याचा संभव आहे. म्हणूनच आज प्रामाणिक उत्तर एवढेच की संशोधन आशादायक आहे, उपचार सिद्ध नाही.

एकादशी, साबुदाणा आणि चरकाचार्य

आता उपवासाकडे वळू. बारा-सोळा तास पोटात काही गेले नाही, तर रक्तातील कीटोन वाढू लागतात, हे खरे. परंतु आपण करतो तो उपवास कोणता? साबुदाणा हा कंदापासून काढलेला जवळजवळ शुद्ध पिष्ट. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पंचाऐंशी ग्रॅमहून अधिक पिष्टमय पदार्थ असतात. कीटोन तयार होत राहावेत यासाठी दिवसभरात साधारणतः पन्नास ग्रॅमच्या आतच राहावे लागते. बशीभर खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू, एवढ्याने यकृताला कीटोन बनवण्याचे काही कारणच उरत नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच आजीने आपल्यालाच ऐकवली आहे. उपवासाचा हेतू संयमाचा आणि उपासनेचा आहे. त्याला प्रयोगशाळेची मोहोर लागते की नाही, यावर त्याचे मोल ठरत नाही. बॉस्टनमधील १९६७ च्या प्रयोगाचे श्रेय पूर्वजांच्या नावावर मांडल्याने पूर्वजांचा मान वाढत नाही. त्यांनी जे खरोखर सांगितले ते न वाचल्याने मात्र तो निश्चित घटतो.

आणि त्यांनी काय सांगितले आहे? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘लंघनबृंहणीय’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. लंघन म्हणजे शरीर हलके करणारे उपचार, बृंहण म्हणजे पोषण करणारे. कुणाला लंघन द्यावे आणि कुणाला बृंहण, याची फोड आचार्य करतात तेव्हा क्षीण, कृश, दुर्बल आणि वृद्ध हे बृंहणाच्या बाजूला येतात. आजचे वैद्यक वेगळ्या वाटेने याच जागी पोहोचले आहे. अल्झायमरच्या रुग्णाचे वजन घटत जाते. तो जेवायचे विसरतो, चव हरवते, पुढे गिळणेही कठीण होते. अशा माणसाचा भात बंद करून त्याला कीटोच्या नावाखाली अर्धपोटी ठेवणे हे विज्ञानालाही धरून नाही आणि परंपरेलाही.

याहून गंभीर धोका मधुमेहींचा आहे. इन्सुलिन अपुरे असले की कीटोन बेसुमार बनतात, रक्त आम्लधर्मी होते आणि रुग्णाच्या जिवावर बेतते. उपवासातील सौम्य वाढ आणि ही अवस्था यांत ओल आणि महापूर यांच्याइतके अंतर आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील मधुमेहाच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. पहिलीचे एकाधिकार २०२० मध्ये आणि दुसरीचे २०२५ मध्ये संपल्यामुळे भारतात त्या स्वस्त झाल्या आणि तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या. हृदय आणि मूत्रपिंड यांना त्यांचा लाभ होतो, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु या गोळ्या घेणाऱ्याने कडक उपवास केला किंवा जेवणातील पिष्ट एकदम तोडले, तर रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही हा आम्लविकार होऊ शकतो. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१५ मध्येच तसा इशारा दिला आहे. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोरजोराने चालणारा श्वास आणि गुंगी ही त्याची लक्षणे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांना उपवासात उलट साखर एकाएकी उतरण्याचे भय असते. त्यातून सकाळची गोळी घेतली की नाही हेच ज्याला आठवत नाही, त्या वृद्धाच्या बाबतीत काय होईल, याची कल्पना करावी. चातुर्मास आरंभण्यापूर्वी घरातील मधुमेही ज्येष्ठांच्या गोळ्यांची नावे डॉक्टरांना दाखवणे, हे आता व्रताचेच एक अंग समजले पाहिजे.

आजपासून काय करता येईल

मग करायचे तरी काय? सुदैवाने याचे उत्तर कीटोनपेक्षा कितीतरी स्पष्ट आहे. पहिली गोष्ट, विस्मरणाचे प्रत्येक कारण असाध्य नसते. थायरॉइडची न्यूनता, नैराश्य, काही औषधांचा परिणाम आणि ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांमुळेही माणूस विसरू लागतो आणि ही कारणे उपचारांना प्रतिसाद देतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या दीर्घकालीन संशोधनाने शाकाहारी महाराष्ट्रीय समाजात ब-१२ ची कमतरता किती व्यापक आहे, हे दाखवून दिले आहे. परदेशी चूर्णावर हजारो रुपये घालवण्यापूर्वी ही साधी रक्ततपासणी व्हायला नको का?

दुसरी गोष्ट प्रतिबंधाची. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये चौदा घटक सांगितले आणि त्यांना आवर घातला तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येतील, असे अनुमान काढले. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, स्थूलता, धूम्रपान, मद्यपान, व्यायामाचा अभाव, शिक्षणाचा अभाव, डोक्याला होणारी इजा, नैराश्य, एकटेपणा, हवेचे प्रदूषण, कमी ऐकू येणे आणि कमी दिसणे हे ते चौदा घटक. ही यादी पेण-रोह्याच्या भूमीवर ठेवून पाहावी. महामार्गावर हेल्मेट घालून दुचाकी चालवणारा तरुण आपल्या सत्तरीतल्या स्मृतीचे रक्षण करत असतो. आजीची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वेळेवर करून घेणे आणि ‘आता या वयात कशाला’ असे न म्हणता आजोबांना श्रवणयंत्र आणून देणे, हे मेंदूचेच उपचार आहेत. धाटावसारख्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात हवेच्या शुद्धतेचा आग्रह धरणे हेही त्याच कामाचा भाग आहे. यांतील एकाही गोष्टीची जाहिरात मोबाइलवर येत नाही, कारण त्यांतून कुणाची बाटली खपत नाही.

तिसरी गोष्ट सांभाळण्याची. नावे पुसली जातात, परंतु हातांची स्मृती पुष्कळ काळ टिकते. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात ज्याने जन्मभर काम केले, त्याला आजचा वार आठवणार नाही, पण मातीचा गोळा हाती दिला तर बोटे कदाचित आपले काम ओळखतील. ज्या बाईने आयुष्यभर पोह्याचे पापड लाटले, मोड आलेले वाल सोलले, तिच्यापुढे वालांची परडी ठेवावी. काम नीट होते की नाही हे पाहू नये. आपला अजून उपयोग आहे, ही भावना तिला मिळाली की पुरे. रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा आजोबांना घरात कोंडून न ठेवता हात धरून ओट्यावर आणून बसवावे. विस्मरण झालेल्या माणसाला त्याच्या गावातून वजा करणे हा आजाराहून मोठा आघात आहे.

हे सारे करायचे कुणी? व्यवहारात उत्तर ठरलेले असते, घरातल्या सुनेने किंवा लेकीने. मातापित्यांना देवस्थानी मानणारी आपली संस्कृती आहे, असे आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. त्या अभिमानाची परीक्षा रात्री तीन वाजता होते, जेव्हा वृद्ध सासरे ‘मला माझ्या घरी जायचे आहे’ म्हणत दाराची कडी काढू लागतात आणि दिवसभर राबलेली सून त्यांना समजावत उभी असते. तिच्या वाट्याला कौतुक येते, विश्रांती येत नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा मुलांना कर्तव्याची आठवण करून देतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान योजनेचे संरक्षण मिळाले, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. अल्झायमरचा बहुतेक काळ घरातच जातो आणि घरातल्या त्या काळासाठी कुठलीही योजना पुरी पडत नाही.

येथे संघटित समाजाला वाव आहे. ज्यांना घरोघरी संपर्काची सवय आहे, अशा कार्यकर्त्यांनी आपल्या आळीत, वाडीत, पाड्यावर अशा वृद्धांची घरे कोणती, एवढी नोंद तरी करावी. आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास कुणीतरी त्या वृद्धापाशी बसावे. तेवढ्या वेळात त्या सुनेला बँकेत जाता येईल, देवळात जाता येईल किंवा नुसते निजता येईल. वृद्धाच्या खिशात नाव आणि दूरध्वनी लिहिलेले कार्ड असावे. रिक्षाचालकांना, दुकानदारांना कल्पना द्यावी, म्हणजे वाट चुकलेला माणूस घरी पोहोचेल. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही साहाय्यवाहिनी गावाच्या फलकावर लिहून ठेवावी. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, डोळे आणि कान यांची तपासणी करणारे शिबिर भरवावे. यासाठी मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते.

मेंदूच्या दुसऱ्या इंधनाचे संशोधन चालू राहील आणि राहिले पाहिजे. उद्या एखाद्या चाचणीतून खरोखरीचे औषध हाती आले, तर ते जिथून येईल तिथून कृतज्ञतेने स्वीकारावे. तोवर मात्र घरच्या म्हाताऱ्या माणसाला पोटभर जेवू घालावे, त्याच्या गोळ्या वेळेवर द्याव्यात, त्याचे तेच तेच बोलणे पुन्हा एकदा ऐकून घ्यावे आणि त्याच्या उशाशी जागणाऱ्या बाईची पाळी कुणीतरी घ्यावी.